पालथ्या दिवसांचा वर्षावास

"आजी, उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. उद्या सकाळीच ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. त्यावर मी त्यांना विचारले, "रविवारी पौर्णिमा आहे. सोमवारी केलं तर चालेल का?"

डॉक्टर काही बोलायच्या आत माझ्या पाठीमागून वन्संचा आवाज आला. "तिचं ऐकू नका डाक्टर. जल्मभर शाळंचं टायमटेबल लावलंय तिनं. आता डोळ्यालाबी तास लावाय लागली."

राहुल, मैत्री, फोनवर मी तुम्हाला 'डोळ्याचे छोटे ऑपरेशन' एवढेच सांगितले होते. ते छोटे नव्हते. तेव्हा सांगितले असते तर तुमचा बाबा कॅनडाहून पहिल्या विमानाने निघाला असता, आणि इथे त्याला माझ्या पाठीकडे बघत बसण्याखेरीज काही काम नव्हते. असे का, ते पुढे कळेल. आता लिहिते आहे ते तुमच्यासाठी, आणि तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली तर त्यांच्यासाठीही. बाबा वाचून दाखवेल. त्याला सांगा, सावकाश वाच.

आधी आजाराचे नाव. रेटिनल डिटॅचमेंट. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला चिकटलेला पातळ पडदा. भिंतीला लावलेल्या कागदासारखा तो समजा. कागदाला चीर पडली आणि तिच्यातून पाणी मागे शिरले की कागद भिंतीपासून सुटू लागतो. सुटलेल्या भागाचे पोषण थांबते, आणि मग तो भाग पाहीनासा होतो. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची बारीकशी जागा असते. वाचायला आणि माणसांचे चेहरे ओळखायला तीच लागते. माझा मॅक्युला अजून भिंतीला धरून होता, पण त्याची कड उचलू लागली होती. म्हणून डॉक्टरांना घाई.

घाईचे दुसरे कारण डावा डोळा. तो माझा लहानपणापासून आळशी. ॲम्ब्लायोपिया म्हणतात त्याला. डोळा दिसायला चांगला असतो, पण मेंदू त्याच्याकडून काम करून घ्यायला शिकलेलाच नसतो. त्या डोळ्याने मला दार, खिडकी, माणूस एवढे कळते, अक्षर कळत नाही. उजवा गेला असता तर तुमच्या आजीचे वाचन गेले असते, आणि तुमचे चेहरेही.

वन्सं म्हणजे माझ्या नणंद, हौसाबाई. तुमच्या बाबाची आत्या. आजोबा गेल्यापासून कसबा बावड्याच्या घरात आम्ही दोघीच असतो. मी शाळेत इंग्रजी शिकवले आणि सगळ्या शाळेचे वेळापत्रक लावले. वन्संनी लोकांच्या रानात भांगलण केली, म्हणजे खुरप्याने तण काढले, मग साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापल्या. प्रौढांच्या वर्गात त्या अक्षरे शिकल्या. माझ्याहून मोठ्या आहेत, त्यामुळे मला इंदू म्हणतात आणि मनाला येईल तसे बोलतात.

आता पहिल्या लक्षणाकडे येते. इथे आमच्याकडून जी चूक झाली ती बहुधा आमच्यासारख्याच माणसांकडून होऊ शकते.

तुम्हाला वर्षावास ठाऊक आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात, फिरत नाहीत. आमच्या विहारात हे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचे वाचन होते. वाचते मी. कोणत्या दिवशी किती पाने, हे आषाढाच्या आधीच ठरलेले असते. पाहुणे येवोत, वीज जावो, ठरलेली पाने मी पुरी करायची. वाचनानंतर थोडा वेळ डोळे मिटून ध्यान.

यंदा श्रावणाच्या शेवटी ध्यानाला बसले की मिटलेल्या उजव्या डोळ्यात प्रकाशाची रेघ चमकायची. वीज चमकावी तशी, कडेला. मी हे विहारातल्या कमळाबाईंना सहज सांगितले. एकदा एक भंते आले होते. चित्त स्थिर झाले की कुणाकुणाला प्रकाश दिसतो, असे ते बोलता बोलता म्हणाले होते. कमळाबाईंनी ते नेमके लक्षात ठेवले होते.

"बाईंस्नी परकाश दिसाय लागला की," त्यांनी सगळ्या बायकांना सांगितले. "आमी डोळं मिटलं की नुसती डुलकी येती."

मी नको नको म्हटले, पण खरे सांगायचे तर मनातून बरे वाटले. इतक्या वर्षांच्या नेमाला काहीतरी फळ आले, असे वाटले. इंग्रजी शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी बाई मी. पण शहाणपण अशा वेळी कुठे जाते कोण जाणे. फक्त वन्संना पटले नाही. त्या म्हणाल्या, "मांडी घालून बसलं की माझ्याबी गुडघ्यात चमकतंय. तीबी साधनाच म्हणा की मग."

बायका हसल्या. मीही हसले, आणि रेघ चमकत राहिली.

त्या चमकेला डॉक्टर फ्लॅशेस म्हणतात. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आक्रसताना पडद्याला ओढतो, तेव्हा ती दिसते. पुढे चहाच्या पावडरीसारखे काळे कण तरंगू लागले. ते फ्लोटर्स. मी चष्मा पुसला. मग पानाचा खालचा डावा कोपरा अंधारला. मी विहाराची ट्यूबलाइट बदलून घेतली. नवी ट्यूब लखलखीत होती आणि कोपरा तसाच काळा.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी वाचता वाचता वन्संनी मला अडवले. "इंदू, मधलं कुठं गेलं?" खालच्या ओळींची सुरुवात मला दिसलीच नव्हती आणि मी तशीच पुढे गेले होते. दरवर्षी ऐकून वन्संच्या कानाला तो भाग ओळखीचा झाला होता. पान बोटाने दाखव म्हणाल्या. मी बोट ठेवले ते दुसऱ्याच ओळीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला रिक्षात घालून घेऊन गेल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यातली वाट बघण्याची खोली तुम्ही एकदा पाहायला हवी. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की सगळ्यांना डोळे मिटून बसायला सांगतात. भिंतीला पाठ लावून रांगेने माणसे डोळे मिटून गप्प बसलेली. आमच्या विहारात इतके शिस्तशीर ध्यान कधी झालेले नाही. माझ्या शेजारी बिद्रीकडचे एक गृहस्थ होते. डोळे न उघडताच त्यांनी विचारले, "पावणं, तुमचा कुठला डोळा?"

"उजवा."

"माझा डावा. हंगाम सुरू व्हायच्या आत बरा झाला पायजे बघा. ऊस काय माझ्या डोळ्यासाठी थांबतोय व्हय?"

मला माझी पौर्णिमा आठवली.

ऑपरेशनचे नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यातली ती जेली बारीक सुयांनी काढून घेतात, मागचे पाणी ओढून पडदा भिंतीला टेकवतात, चिरेभोवती लेसरने डाग देतात. मग डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन तो बधिर केला होता. मी जागी होते. दुखले नाही, फक्त कुणीतरी डोक्यावर सारखा हात टेकवून उभे आहे असे वाटत होते. आधी रंग दिसले, मग राखाडी, मग काही नाही.

"पडदा आम्ही शिवत नाही, आजी," नंतर डॉक्टरांनी सांगितले. "आतून गॅस त्याला भिंतीला दाबून धरतो. चिकटायचं काम तो स्वतः करतो. गॅस हलका, तो वर जातो. तुमचा पडदा मागं. म्हणून चेहरा खाली ठेवायचा. जेवताना खाली, चालताना खाली, झोपताना पालथं. आठवडाभर."

"आणि दिसेल कधी?"

"चिकटला तर दिसेल."

"म्हणजे किती दिवसांत?"

"डोळ्याला वेळापत्रक नसतंय, आजी. तुम्ही हलायचं नाही, एवढंच तुमचं काम."

मनगटावर पिवळा पट्टा बांधला. डोळ्यात गॅस आहे तोवर विमान नाही, घाट चढायचा नाही. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. हे पक्के लक्षात ठेवा.

पालथे पडून राहणे सोपे वाटते. पहिल्या दुपारीच मान आणि पाठ भरून आली. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी मधे भोक असलेली गोल उशी आधीच आणून ठेवावी. पाणी आणि चहा स्ट्रॉने प्यावा. ताट खाली पाटावर ठेवून मान खाली घालूनच जेवता येते. छातीखाली मऊ घडी घ्यावी. आणि जवळचे कुणीतरी असावे. नसेल तर दवाखान्यात तसे सांगावे, लाजू नये.

माझी उशी कॉटच्या कडेबाहेर दोन स्टुलांवर टेकवली होती; तिच्या भोकातून दिसणाऱ्या फरशीएवढे माझे जग झाले. भेटायला येणारे मला पायांवरून कळू लागले. कमळाबाईंचे पाय भेगाळलेले, एका अंगठ्याला नेहमी चिंधी. तुमच्या बाबाच्या मित्राचे मोजे. डाव्या डोळ्याने धूसर दिसायचे ते एवढेच. लोक माझ्या पाठीशी बोलत आणि पाठीला नमस्कार करून जात.

सवयीने मी पडल्या पडल्याच दिवस आखायला घेतला. इतका वेळ ध्यान, इतका वेळ मनातल्या मनात उजळणी, मग थेंब. सारखे वन्संना विचारायची, किती वाजले? मग पुन्हा, किती वाजले? शेवटी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवले.

"वन्सं, थेंबाची वेळ कळायला नको का?"

"थेंब मी घालतोय न्हवं? तुला वेळ घिऊन काय करायचंय? कुठं जायाचंय तुला?"

आमच्याकडे म्हाताऱ्या बायका असेच 'मी करतोय' म्हणतात. हसू नका.

घड्याळ गेल्यावर भीती आली. इतके दिवस मी तिला दिवसाच्या कामांच्या मागे लपवून ठेवली होती. सगळे अनित्य आहे, हे मी विहारात किती वेळा वाचले असेल. आपला स्वतःचा डोळा अनित्य असतो तेव्हा ते वाक्य निराळेच लागते. ध्यान जमेना. डोळे मिटले की पुन्हा रेघ चमकेल का, याचीच वाट बघायची. ज्या प्रकाशाने मला सुखावले तोच माझा पडदा फाडत होता. मला विहाराचा राग आला, नेमाचा आला, माझाही आला. रडू आले तर ते गालावरून न येता सरळ फरशीवर पडत होते.

वन्संनी ते थेंब पाहिले आणि घाबरून दवाखान्याला फोन लावला. "डाक्टर, डोळा गळाय लागलाय की. तुमचा गॅस निघून चाललाय."

मी उशीतूनच म्हणाले, "वन्सं, गॅस नाही. मी रडतेय."

मग फोनवर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या डाक्टर. घरातलंच हाय."

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी विसरणार नाही. गुडघ्यांनी वाकता येत नाही त्यांना. कॉटचा कठडा धरून, कण्हत, त्या खाली बसल्या, चटई अंथरली आणि माझ्या चेहऱ्याखाली उताण्या झोपल्या. उशीच्या भोकातून त्यांचा चेहरा मला दिसला. पट्टी काढून डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळी लावली होती, त्यामुळे उजव्याने नुसते पाण्याखालून बघितल्यासारखे हलत होते, आणि डाव्याने धूसर. पण चेहरा होता.

"बग," त्या म्हणाल्या. "आता बोल. पाठीसंगं किती बोलू मी?"

माझ्याविना वाचन बंद पडले असेल, असे मी धरून चालले होते. तसे काही नव्हते. वन्सं वाचत होत्या. विहारात संध्याकाळी वाचत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कॉटखाली उताण्या पडून, ग्रंथ हातांनी वर धरून, तेच पान मला ऐकवत. एकेक शब्द जोडून, मधेच थांबून, कधी तीच ओळ पुन्हा. पहिले दोन दिवस मला ते सहन होत नव्हते. शिक्षिकेचा जीव, प्रत्येक चुकलेल्या थांब्याला ओठांवर शब्द यायचा. शिवाय पाने ठरलेल्यापेक्षा कितीतरी मागे पडली होती.

मग वर्षावास कसा सुरू झाला तो भाग आला. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत. पेरणी झालेली, रानात कोवळे हिरवे उगवलेले, आणि त्यावरून पावले पडत. लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवान बुद्धांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहायचा नियम घातला. हे मी दरवर्षी वाचत आले आहे. एका दमात वाचायची, कारण पुढे बरेच उरलेले असायचे.

वन्संनी त्या पानाला पुरी दुपार लावली. 'कोवळे' या शब्दावर त्या बराच वेळ अडकल्या. मी उशीत तोंड घालून वाट बघत होते, आणि त्या थांब्यात मला डॉक्टरांचे बोलणे आठवले. चिकटायचे काम तो स्वतः करतो, तुम्ही हलायचे नाही.

थांबायचे ते पायाखाली काहीतरी रुजत असते म्हणून. आपण तिथून चालत राहिलो तर ते मोडते. एवढी साधी गोष्ट. वर्षावास म्हणून माझे वर्षातले सगळ्यांत धावपळीचे महिने हेच तीन होते, आणि थांबण्याबद्दलचे पान मी पळत पळत वाचत होते.

हे वन्संना सांगावे म्हणून मी हाक मारली. उत्तर नाही. ग्रंथ छातीवर उपडा ठेवून त्यांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडे. वन्सं दुपारच्या झोपलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकदाही नाही. पूर्वी मी म्हणाले असते, वन्सं, उठा, पान अर्धे राहिले. मी हाक मारायची थांबले आणि त्यांच्या श्वासाबरोबर तो ग्रंथ वर खाली होताना बघत राहिले. त्या दुपारी ध्यान मुद्दाम करावे लागले नाही.

आठवड्याने डॉक्टरांनी तपासले. पडदा वरून बसला होता, पण खालच्या कडेला अजून थोडे पाणी होते. "कदाचित आपोआप शोषलं जाईल. नाही तर पुन्हा आत जावं लागेल," ते म्हणाले. दिवसा बसायची परवानगी मिळाली. निकाल मिळाला नाही.

मग वेळ मोजायला माझ्याकडे बुडबुडाच उरला. बसल्यावर तो नजरेत खाली दिसतो, तांब्यातल्या पाण्यासारखी त्याची आडवी रेघ असते आणि मान हलली की ती हिंदकळते. रोज रेघ थोडी खाली जायची आणि वरून थोडे जग उघडे व्हायचे. आधी छत, मग खिडकीचा गज, मग दारातल्या वन्संचे कपाळ. घाई करून ती रेघ खाली ढकलता येत नव्हती. बुडबुडा लिंबाएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, आणि एका सकाळी तोंड धुताना तो नव्हता.

पुढच्या तपासणीला डॉक्टर बराच वेळ आत बघत होते. वन्सं दाराशी उभ्या होत्या, पदराचे टोक मुठीत. मग ते म्हणाले, "खालचं पाणी गेलं. पडदा पूर्ण बसलाय." मला तक्ता वाचायला लावला. वरच्या ओळी आल्या. खालच्या वाकड्या दिसत होत्या, उतारावरच्या उसाच्या सरीसारख्या. "मॅक्युलाची कड उचलली होती, तेवढा वाकडेपणा राहील. वाचता येईल, पण पूर्वीच्या वेगानं नाही."

"बास झालं की," वन्सं म्हणाल्या. "पैल्यापासनं जरा जादाच पळत हुती."

आश्विन पौर्णिमेला पांढरी साडी नेसून मी विहारात गेले. त्या दिवसापुरते आठ नियम पाळायचे, ते अष्टशील घेतले. ग्रंथाची शेवटची पाने वन्संनी वाचली आणि शेवटचे पान माझ्यापुढे धरले. अक्षरे वाकत होती. बोट ठेवून एकेक ओळ घेतली, कुठे अडले, मागे गेले. समोर बायका बसल्या होत्या. कुणी चुळबुळ केली नाही. संपल्यावर कमळाबाई म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पर यंदा वाचल्यालं समजलं बगा. तुमची मागली गाडी लई फास्ट हुती."

राग मानला नाही. त्यांचे आभार मानले. डॉक्टरांचे मानले होते, दवाखान्यात थेंब घालणाऱ्या सिस्टरचे मानले होते. वन्संचे मानायला गेले तर म्हणाल्या, चहा ठेव.

बाळांनो, कुणालाही डोळ्यात अशी चमक दिसली, काळे कण वाढले, कोपऱ्यातून सावली आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगा. पौर्णिमा असली तरी.

डॉक्टरांनी विमानाची परवानगी दिली आहे. थंडी सरली की येते. मागच्या खेपेला तुमच्या फ्रिजवर मी सुट्टीचे वेळापत्रक चिकटवले होते. राहुलने त्यावर रागाने रेघोट्या ओढल्या होत्या आणि मी नवे लिहून लावले होते. या वेळी तसे काही आणणार नाही. तुम्ही दुपारी खेळता खेळता गालिच्यावरच झोपलात, तर उठवणार नाही. शेजारी बसून तुमचे चेहरे बघेन.